शिडी हिरवी कशी झाली

मिस्त्रींनी उजव्या हाताची तर्जनी वापरायचं सोडून दिलं होतं. बोट तुटलं नव्हतं की सुजलं नव्हतं, चांगलं धडधाकट होतं. पण दारावरची बेल ते अंगठ्यानं दाबत, लिफ्टचं बटण कोपरानं, आणि फोन लावायचा तर डावा हात पुढे करत. कप धरला तरी ते एक बोट आपलं बाजूला, रुसलेल्या पोरासारखं. नव्या माणसाला वाटे, काही दुखणं असेल. जुन्यांना ठाऊक होतं, म्हणून ते विचारत नसत. त्या बोटानं आपण आपली मुलगी मारली, असं मिस्त्री मनाशी धरून बसले होते.

आता हे नीट सांगायला हवं, नाहीतर तुम्ही भलतंच काही समजाल.

वस्तीच्या सभागृहाखाली एक लांबोडकी खोली आहे. तिला सगळे अवजारघर म्हणतात. भिंतीला भोक पाडायचं मशीन रोज कोणाला लागतं हो? कधीतरी एकदा. मग घरोघरी धूळ खात पडण्यापेक्षा वस्तीचं एकच असावं, ज्याला हवं त्यानं न्यावं, काम झालं की आणून द्यावं. ड्रिल, करवती, पाण्याचा पंप, हातगाडी, शिड्या, सगळं तिथे. मिस्त्रींचं आयुष्य सुतारकामात गेलेलं. हातपाय थकल्यावर ते तिथल्या मागच्या बाकावर बसून मोडलेलं दुरुस्त करायला लागले. त्यांची बायको, काकू म्हणतात तिला सगळे, पुढच्या टेबलाशी बसून देवाणघेवाण बघायची. आणि या दोघांची एकुलती एक पोरगी म्हणजे भिंगरी. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर राहिलं. एका जागी बसलेली ती कोणी पाहिलीच नव्हती, म्हणून भिंगरी. बसायची ती फक्त कॉम्प्युटरसमोर. अवजारघराची वेबसाइट तिनंच बनवली. घरबसल्या बघायचं: चांगली वस्तू हिरवी, नादुरुस्त वस्तू लाल. लहान पोरालाही कळावं असं.

त्याआधी मिस्त्रींची पद्धत वेगळी होती. मोडकी वस्तू आली की तिला लाल चिंधी बांधायची, दुरुस्त झाली की सोडायची. भिंगरीला त्याचं हसू यायचं. "बाबा, काय हे, दुकानभर चिंध्या! स्क्रीनवर लाल दिसतं ना? मग?" मिस्त्रींनी थोडी कुरकुर केली, पण लेकीपुढे कोणत्या बापाचं चाललंय! चिंध्या बिस्किटांच्या डब्यात गेल्या आणि डबा फळीवर गेला.

मग ती दुपार आली. मिस्त्रींनी पंप दुरुस्त केला. बाकावरच्या टॅबवर नादुरुस्त वस्तूंची यादी उघडीच होती: वर शिडी, तिच्याखाली पंप. शिडीची वरची पायरी आतून तडकलेली. वरून बघणाऱ्याला दिसायची नाही. चष्मा कपाळावर सरकवलेला होता. त्यांनी पंपासमोरचं ‘दुरुस्त’ दाबलं आणि हाताचं तेल धुवायला मोरीकडे गेले. संध्याकाळी भिंगरी आली, सभागृहातला दिवा बदलायचा म्हणून शिडी उचलून वर गेली. नेण्याआधी तिनं फोनवर पाहिलं होतं. पाहणारच, तिचीच शिकवण ती. शिडी हिरवी होती.

आवाज मिस्त्रींनी खालून ऐकला. पुढचं सांगत बसत नाही, सांगून ती काही उठून बसायची नाही.

नंतर कोणीतरी स्क्रीन बघितली, तर शिडी हिरवी आणि पंप अजून लालच. मग काय राहिलं समजायचं? म्हाताऱ्याचं बोट एक ओळ वर पडलं. कोणी तोंडावर म्हटलं नाही, पण हातच्या कांकणाला आरसा कशाला!

मिस्त्रींना सगळ्यात जास्त काय छळायचं, सांगू? तिनं त्यांना विचारलं नव्हतं. ते खाली होते, दहा पावलांवर. "बाबा, शिडी चांगली आहे ना?" एवढं ओरडली असती तर त्यांनी हातातलं टाकून ‘थांब’ म्हटलं असतं. पण विचारायची गरजच तिनं ठेवली नव्हती. आणि जे तिनं कधी विचारलं नाही, तेच आता त्यांना ऐकू यायचं. वर सभागृहात कोणी खुर्ची सरकवली की त्यांच्या कानात तो प्रश्न यायचा, तिच्याच आवाजात, तिच्याच घाईत. करवत चालू असली तरी यायचा. ते मान वर करून छताकडे बघत बसायचे.

आणि काकू? काकूंनी एका शब्दानं विचारलं नाही. हेच तर मेलं वाईट. भांडली असती, ताट आपटलं असतं, तर माणसानं निदान पायावर डोकं तरी ठेवलं असतं. ती आपली "जेवायला वाढलंय," "पाणी गेलंय," "दार लावून घ्या." बैठकीतले हिरवे पडदे तिनं काढून टाकले, हिरवी बादली कोणाला तरी देऊन टाकली. भिंगरीचा फोटो मात्र रोज पुसायची आणि येईल त्याला सांगायची, "माझ्या पोरीचं काम चोख. एका जागी चूक सापडायची नाही." मिस्त्री समजून गेले की हा टोमणा आपल्यालाच आहे. दुसऱ्या कोणाला असणार? खाई त्याला खवखवे.

त्या दिवसापासून त्यांनी टॅबला हात लावला नाही. दुरुस्त झालेली वस्तू ते काकूंच्या टेबलावर नेऊन ठेवत आणि ती तिच्या कॉम्प्युटरवर सगळं करी. त्यानंतर पुन्हा कधी काही उलटसुलट झालं नाही. म्हणजे दोष बोटाचाच होता, यावर शिक्काच बसला.

असं बरंच चाललं. मग मिस्त्रींच्या मदतीला एक नवा माणूस आला, रिटायर झालेला बसचा ड्रायव्हर. तोंडानं बडबड्या, हातानं कामसू. टॅब त्यानं हाती घेतला आणि थोड्याच दिवसांत, उघडी पडलेली वायर असलेलं ड्रिल स्क्रीनवर हिरवं झालं. शेजारच्या इमारतीतल्या नर्सबाई ते घेऊन गेल्या आणि त्यांना असा झटका बसला की हात दिवसभर बधिर. जीव वाचला, तेवढं नशीब. ड्रायव्हर शपथेवर सांगायला लागला, "मी ड्रिलला हातच लावला नाही. मी करवतीचं बटण दाबलं, देवाशपथ!"

झालं, वस्तीला तेवढंच हवं होतं. भिंगरीचा हात अजून तिथे फिरतोय. तिचा जीव त्या मशीनमध्ये अडकलाय. कोणी म्हणालं, पूर्वी शिडीचंही असंच झालं होतं ना? बायका पोरांना अवजारघरात एकटं पाठवेनात.

मिस्त्रींनी हे ऐकलं तेव्हा त्यांच्या काळजात धस्स झालं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. पोरीचं भूत असेल तर असो. निदान ती कुठेतरी असेल तरी. आणि दुसरा विचार असा की ड्रायव्हरचा दोष नसताना ड्रिल हिरवं होत असेल, तर शिडीसुद्धा... पुढचा विचार करायला ते घाबरायचे. आशा फार वाईट असते, मेलेल्या माणसापेक्षा जास्त छळते.

भिंगरीची एक मैत्रीण होती, जाड भिंगाच्या चष्म्याची. तिला भिंगरीनंच ढापणी म्हणायला सुरुवात केली आणि ते चिकटलं. पुढे ती वेबसाइटच्याच कामात नाव काढून होती. भुताची गोष्ट तिच्या कानावर गेली तशी ती तरातरा आली आणि भिंतीला कागद चिकटवून गेली: वेबसाइटमधल्या चुका कशा शोधायच्या, सर्वांसाठी वर्ग, रविवारी सकाळी, अवजारघरातच. ड्रायव्हरनं त्याला ‘भूत उतरवायचा क्लास’ म्हणून टाकलं.

रविवारी मिस्त्री सगळ्यांच्या आधी जाऊन मागच्या बाकावर बसले. काकूंना त्यांनी सांगितलं नव्हतं. घाईत चष्मासुद्धा घरी राहिला. हळूहळू दहाबारा जण जमले. नर्सबाई आल्या, ड्रायव्हर पुढच्या खुर्चीत. ढापणीनं भिंतीवर वेबसाइटची एक नक्कल दाखवली, म्हणजे खऱ्याला धक्का नको.

"दोनच नियम," ती म्हणाली. "पहिला, काय व्हायला हवं होतं ते सांगायचं नाही, काय झालं तेवढंच सांगायचं. दुसरा, चूक शोधायची तर आधी ती पुन्हा घडवून दाखवायची. घडवता आली नाही तर कळली नाही."

पुन्हा घडवायची! मिस्त्रींनी बोट मुठीत लपवलं.

ड्रायव्हर पुढे झाला आणि बटणं दाबायला लागला. करवत दुरुस्त, करवत हिरवी. पंप दुरुस्त, पंप हिरवा. नर्सबाईंनी करून पाहिलं, मग आणखी कोणी. हळू दाबलं, जोरात दाबलं, ड्रायव्हरनं डोळे मिटून दाबलं. प्रत्येक वेळी मशीन आपलं गुणी बाळासारखं बरोबर वागायचं. लोक हसायला लागले. मिस्त्री हसत नव्हते. दर बरोबर उत्तराबरोबर त्यांचं बोट आणखी दोषी ठरत होतं.

"आहे काय यात?" ड्रायव्हर वैतागला. "क्लासला आल्यावर भूत लाजतंय वाटतं!"

ढापणी हसली नाही. तिनं विचारलं, "ड्रिल हिरवं झालं तेव्हा खोलीत आणखी कोण होतं?"

"कोण असणार? काकू होत्या टेबलाशी."

"त्या काय करत होत्या?"

"त्यांचं नेहमीचं. कोणीतरी मोडकी हातगाडी आणली होती, ती यादीत घालत होत्या."

ढापणी थबकली. मग तिनं मान वळवून मागच्या बाकाकडे पाहिलं. "काका, आणि त्या दिवशी? शिडीच्या दिवशी?"

मिस्त्रींना सगळं लख्ख आठवलं. कोणीतरी बिघडलेलं ड्रिल परत आणलं होतं. काकू पुढे बसून खटखट करत होती. म्हणजे एकटं दाबलं तर काही होत नाही, आणि इतके दिवस काही झालंही नव्हतं, कारण सगळं एकटी काकूच करत होती. दुसरा हात लागतो. त्या दिवशी दुसरा हात कोणाचा होता, हे या खोलीत फक्त त्यांना ठाऊक होतं.

इतके दिवस ज्या सुटकेसाठी जीव टांगणीला लागला होता ती हातभर अंतरावर आली, आणि त्यांना ती नकोशी झाली. आपलेच दात, आपलेच ओठ! आपलं बोट मोकळं करायचं तर बायकोचा हात पुढे करावा लागणार. तिच्याकडे तेवढंच उरलं होतं, की आपण काही केलं नाही.

"राहू दे, पोरी," ते उठून म्हणाले. "माझंच बोट चुकलं होतं. चष्मा नव्हता डोळ्यावर. कशाला उगाच उकरून काढायचं?"

"काका, नर्सबाई मेल्या असत्या परवा."

"मी चिंध्या बांधतो उद्यापासून सगळ्याला. बंद कर हे."

"काय बंद करायचं?" दारातून आवाज आला. काकू उभ्या होत्या, हातात मिस्त्रींचा चष्मा. तो द्यायला आल्या होत्या, आणि किती वेळ तिथे उभ्या होत्या कोण जाणे. त्यांनी चष्मा नवऱ्याच्या हातात दिला आणि सरळ आपल्या टेबलाशी जाऊन बसल्या. "त्या दिवशी ड्रिल मी घातलं होतं यादीत. घडवायचं ना पुन्हा? घडवा."

"अगं, नको," मिस्त्री म्हणाले.

"लावा तो चष्मा. आणि बसा."

ढापणीनं नकलेत दोनच वस्तू लाल ठेवल्या: वर शिडी, खाली पंप. मिस्त्रींनी चष्मा नीट नाकावर बसवला आणि टॅब पुढे ओढला. भिंतीवर काकूंची स्क्रीन दिसत होती. काकूंनी ड्रिल लिहिलं, कळ दाबली, आणि भिंतीवर ड्रिल सगळ्यात वर येऊन बसलं. मिस्त्रींच्या टॅबवर अजून जुनीच यादी होती, शिडी आणि पंप. त्यांनी तर्जनी बाहेर काढली. पांढरी पडली होती ती. नीट बघून, ओठ हलवत वाचून, त्यांनी पंपासमोरचं बटण दाबलं.

भिंतीवर शिडी हिरवी झाली.

नर्सबाईंनी तोंडावर हात घेतला. आणि काकू, इतके दिवस न बोललेल्या काकू, त्या हिरव्याकडे बघत म्हणाल्या, "असंच. अगदी असंच झालं होतं. मी ड्रिल घातलं आणि माझ्या डोळ्यांदेखत शिडी हिरवी झाली."

"तू पाहिलं होतंस?"

"पाहिलं होतं. मला वाटलं, दुरुस्त झाली असेल. तुम्हाला विचारावं म्हणून उठत होते, तेवढ्यात कोणीतरी आलं, हातगाडी मागायला. विसरले." त्यांचा आवाज फुटला. "मग वाटलं, माझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं. माझ्या हातून झालं आणि तुम्ही ते स्वतःवर घेतलंत. मी तुम्हाला घेऊ दिलं. अहो, कोणत्या तोंडानं बोलू मी तुमच्याशी? तुमच्या त्या बोटाकडे बघवायचं नाही मला."

मिस्त्रींना त्या काढलेल्या पडद्यांची आठवण झाली. सगळं समोर होतं आणि त्यांनी ते उलटंच वाचलं होतं. एका घरात दोघं खुनी आपापला खून एकमेकांपासून लपवत जेवत होते.

"पण दोघांपैकी कोणाचंच नाही," ढापणी घाईनं म्हणाली आणि तिनं बटणामागे लिहिलेली ओळ भिंतीवर उघडली. तिचे डोळे भरले होते. "काका, तुमचं बटण ‘पंप दुरुस्त’ असं सांगतच नाही. ते सांगतं, ‘यादीतली दुसरी वस्तू दुरुस्त.’ तुमच्याकडे दुसऱ्या जागी पंप होता. तेवढ्यात काकूंनी वर ड्रिल घातलं, सगळं एक जागा खाली सरकलं, आणि दुसरी झाली शिडी."

"म्हणजे रांगेतल्या दुसऱ्याला आत घे म्हणावं, आणि तेवढ्यात पुढे कोणीतरी घुसावं," ड्रायव्हर हळूच म्हणाला. "कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ."

"कोणी लिहिलंय ते?" काकूंनी विचारलं.

ढापणीनं चष्मा काढून पुसला. "काकू, अशी चूक कोणाकडूनही होते. मीसुद्धा किती वेळा..."

"कोणी लिहिलंय, असं विचारलं मी."

"भिंगरीनं."

सगळ्यांनी खाली बघितलं. एका जागी चूक सापडायची नाही, हे वाक्य वस्तीतल्या प्रत्येकानं काकूंच्या तोंडून ऐकलं होतं. मिस्त्री उठून बायकोच्या मागे जाऊन उभे राहिले, न जाणो तिला घेरी आली तर. काकूंनी भिंतीवरच्या त्या ओळीकडे बराच वेळ पाहिलं. त्यातलं त्यांना अक्षर कळत नव्हतं.

"अगं कार्टे!" त्या एकदम ओरडल्या, आणि पुढच्या खुर्चीतला ड्रायव्हर दचकला. "सगळ्या वस्तीला शहाणपणा शिकवत हिंडायचीस, आणि वस्तूचं नाव लिहायला काय झालं होतं तुला? दुसरी म्हणे! दुसरी म्हणजे काय? तरी सांगत होते मी, भवाने, घाई करू नकोस, घाई नडेल तुला. ऐकलंस कधी आईचं?"

"आणि माझ्या चिंध्या," मिस्त्री म्हणाले. "माझ्या चिंध्या सोडायला लावल्यास. विचारायचं होतंस गं एकदा. खालीच होतो मी. खालीच होतो ना!"

मेलेल्या माणसाला कोणी रागवत नाही. ती गेल्यापासून भिंगरी फोटोत बसली होती, गुणाची, हुशार, बिनचूक, आणि तिच्या वाटणीचं सगळं हे दोघं वाहत होते. आज कितीतरी दिवसांनी तिला घरच्यांची बोलणी बसत होती. दोघंही रडत होते आणि रडता रडता तिला झापत होते: गच्चीवरून मारलेल्या उड्यांबद्दल, न जेवता उठण्याबद्दल, कोणाला न सांगता उचलून नेलेल्या शिडीबद्दल. ढापणी हुंदके देत ती ओळ दुरुस्त करत होती. दुसरी वस्तू खोडून तिथे वस्तूची स्वतःची खूण लिहीत होती. ड्रायव्हर गुपचूप उठला, फळीवरचा बिस्किटांचा डबा काढला आणि झाकण उघडून मिस्त्रींसमोर ठेवला.

तेवढ्यात वर, सभागृहात, खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. रविवारी सभागृहाला कुलूप असतं. खोलीतल्या सगळ्यांनी श्वास रोखून छताकडे पाहिलं. मिस्त्रींनी बायकोकडे पाहिलं. काकूंनी पदरानं डोळे पुसले आणि मान वर केली.

"आता वर जाऊन काय बसलीस?" त्या म्हणाल्या. "ये खाली, आणि ऐकून घे."